बोअरच्या पाण्याचे डाग आणि विटलेला लाल रंग: बोनेट पॉलिशनं वाचेल का?

जालना_लाल_गाडी

नमस्कार मंडळी. 2009 ची हॅचबॅक आहे, साधा लाल रंग, मेटॅलिक नाही. बारा महिने उघड्यावर उभी असते. बोनेट गुलाबीसर-पांढरट पडलंय, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते. छत मागे एकदा रंगवून घेतलेलं आहे, तिथे मधोमध पापुद्रे सुटतायत. दारांवर आणि काचांवर पांढरी गोल वलयं आहेत. बोअरच्या पाण्यानं धुऊन तशीच वाळत राहिल्यामुळे. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 1100 च्या आसपास भरतो. शिवाय सगळ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके आहेत, हाताला खरखरीत लागतात. एक पेंटर म्हणतो पूर्ण गाडीला रबिंग (घासून पॉलिश) मारून देतो, दुसरा म्हणतो बोनेट आणि छत दोन्ही रंगवावं लागेल. सुरुवात कुठून करू?

रंगकाम_संभाजीनगर

दादा, रबिंगला आत्ताच हो म्हणू नका. तुमच्या गाडीवर चार वेगवेगळे आजार आहेत आणि चारींचं औषध वेगळं आहे.

आधी बोनेट तपासा. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं कंपाउंड (वरचा थर घासून काढणारं जाडसर पॉलिश) घ्या आणि कोपऱ्यात वीतभर जागा हलक्या हातानं घासा. फडकं लाल झालं तर रंग सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही. वरचा थर उन्हानं मेलाय, खाली चांगला रंग शिल्लक असू शकतो. फडकं पांढरंच राहिलं तर क्लिअर कोट आहे. भुकटी सुटते म्हणताय त्यावरून सिंगल स्टेज वाटतो, पण खात्री करूनच पुढे जा.

छताचे पापुद्रे म्हणजे क्लिअर कोट सुटलाय. तिथे कोणतंही पॉलिश चालत नाही. मशीन लावलं तर पापुद्र्याची कड आणखी उचलते.

तांबूस ठिपके बहुतेक लोखंडाच्या कणांचे. रोलिंग मिल, ग्राइंडिंगचं काम, रेल्वे यांच्या आसपास उभ्या गाड्यांवर ते बसतात आणि रंगात रुतून गंजतात. जालन्यात हे नवल नाही. ते काढण्याआधी कंपाउंड मारलं तर तेच कण पॅडखाली फिरतात आणि ओरखडे पडतात. आयर्न रिमूव्हर सावलीत, गार पत्र्यावर फवारा, तीन-चार मिनिटांत जांभळं ओघळेल. वाळू न देता भरपूर पाण्यानं धुवा. उरलेली खरखर क्ले बारनं (कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं) काढा, साबणाचं पाणी सतत मारत. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या; आपल्याकडच्या धुळीत दगडाचे कण असतात.

पाणी_आणि_क्षार

वलयांबद्दल लिहितो. थेंब वाळताना क्षार कडेला जमतात, म्हणून गोल दिसतं. उन्हात तापलेल्या बोनेटवर हे काही मिनिटांत होतं. नुसता वर बसलेला कॅल्शियमचा थर आम्लानं विरघळतो. पण बरेच दिवस राहिला तर रंगातच खळगा पडतो, तो आम्लानं जात नाही.

पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पिण्याचं पाणी सम प्रमाणात घ्या. गार पत्र्यावर भिजलेलं मायक्रोफायबर डागावर एक मिनिट ठेवा, दाबून घासू नका. लगेच शांपूच्या पाण्यानं धुवून पुसा. गरज पडली तर हेच दोनदा करा, पण एकाच वेळी पाच-दहा मिनिटं ठेवू नका, विशेषतः क्लिअर कोट नसलेल्या रंगावर. शेवटी एक लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा टाकून पुसून घ्या, फटीत आम्ल राहत नाही. उघड्या पत्र्यावर किंवा गंजलेल्या जागी व्हिनेगर लावू नका.

संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. डाग जातो, पण क्रोम काळवंडतं आणि फटीतला पत्रा गंजतो.

व्हिनेगरनंतरही वलय दिसत असेल तर दोन शक्यता. नख फिरवून कड लागली तर खळगा आहे. सपाट, काचेसारखा थर असेल तर तो सिलिका. आपल्या बेसाल्टच्या भूजलात ती असते आणि व्हिनेगरला दाद देत नाही. दोन्हीला पॉलिशच लागतं. काचांवर सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून फेल्ट पॅडनं फिरवा, वाळू देऊ नका. रंगावर ती वापरायची नाही.

जालना_लाल_गाडी

बोनेटवर फडकं लाल झालं. दारांवरही झालं. छतावर पांढरंच राहिलं. व्हिनेगरनं दारांवरची निम्मी वलयं गेली. आता पॉलिशचं नीट सांगा, मशीन भाड्यानं मिळतंय.

लातूर_डिटेलिंग

मग बोनेट वाचायला वाव आहे.

मशीन ड्युअल ॲक्शनच (पॅड फिरता फिरता डोलतो ते) घ्या. पेंटर वापरतात ते रोटरी (पॅड जागीच गरगर फिरतो ते) पहिल्यांदा हातात घेणाऱ्यानं बोनेटच्या उंचवट्यावर लावू नये. कडेला रंग मुळातच पातळ असतो आणि दोन सेकंदांत प्रायमर दिसतो. बोनेटच्या सगळ्या कडा, रेषा, रबर, काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड वाळलं तर पांढरे डाग निघता निघत नाहीत.

थिकनेस गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) मिळालं तर दाराच्या आतल्या चौकटीवर एक आकडा घ्या आणि बोनेटशी ताडून पाहा. कंपनीचा रंग साधारण 80 ते 140 मायक्रॉन भरतो. 80 च्या खाली असेल तर कंपाउंड सोडा, फक्त बारीक पॉलिश. 300 च्या वर म्हणजे खाली बहुधा लांबी (पुट्टी) आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे गेज चालत नाही.

सिंगल स्टेजसाठी एक पायरी लोक टाळतात: कंपाउंडच्या आदल्या रात्री तेलकट ग्लेझ पॉलिश जाड थरात हातानं चोळून रात्रभर मुरू द्या. सुकलेला थर तेल शोषून घेतो, सकाळी कमी कापावं लागतं आणि रंग गडद दिसतो. सकाळी जास्तीचं पुसून घ्या.

सकाळी सातच्या आत, सावलीत सुरू करा. एप्रिल-मेमध्ये दहाला पत्रा हात लावू देत नाही आणि कंपाउंड पॅडवरच सुकतं. दीड-दोन फुटांचा चौकोन, पाच इंची फोम पॅड, वाटाण्याएवढे चार थेंब. सर्वांत कमी गतीवर पसरा, मग 4 किंवा 5 वर आडवे-उभे चार ते सहा फेरे. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून वेगानं नको. मशीनच्या वजनाएवढाच दाब. पॅड लाल होणार, घाबरू नका, पण मेलेला रंग पॅडमध्ये साचला की नुसतं लोणी चोपडल्यासारखं होतं. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशनं झाडा आणि बोनेटला तीन-चार पॅड ठेवा.

पहिला चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. तेलामुळे आलेली खोटी चमक उतरते आणि खरं काय निघालं ते दिसतं. कुठे गुलाबी-करडा प्रायमर डोकावला तर तिथे थांबा. सगळं समाधानकारक असेल तर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हात, मग सीलंट (रंगावरचा संरक्षक लेप). खोल खळग्यासाठी 3000 चा वॉटर पेपर लागतो, पण तो गेजशिवाय हातात घेऊ नका. दारावरचं पुसटसं वलय राहिलं तरी चालेल, तिथला रंग जपा.

रंगकाम_संभाजीनगर

छताचं: सुटलेला थर आधी पूर्ण जाऊ द्या. 320 च्या पेपरनं कडा उतरवत न्या, हात फिरवला तर पायरी लागता कामा नये, मग 400, 600. उघडा पत्रा दिसेल तिथे प्रायमर. रंग, त्यावर क्लिअरचे दोन हात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच पाळायचं, अंदाजानं नाही. टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून फवारणं धोक्याचं आहे, हे काम बूथ (रंग फवारायची बंद खोली) असलेल्याकडेच द्या. आणि रंगकामाआधी गाडीला सिलिकॉनचं काहीही लावू नका, फिश आय (रंगात गोल खळगे) पडतात. म्हणून क्रम: आधी छत, नंतर बोनेटचं सीलंट. नव्या रंगावर महिनाभर मेण नको. पापुद्र्यावर विनाइल रॅप चढवून झाकणंही नको. काढताना उरलेला थर त्याच्यासोबत येतो.

पाणी_आणि_क्षार

एवढं करून पुन्हा बोअरनं धुतली तर दोन महिन्यांत तेच. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस 500 पर्यंत योग्य धरतात, 2000 ही दुसरा स्रोत नसतानाची मर्यादा. तुमचं 1100. धुवा त्यानंच, पण एका वेळी एकच दार आणि लगेच टिपून घ्या. शेवटचे चार-पाच लिटर एसीच्या नळीतून साठवलेलं पाणी वापरा, त्यात क्षार नसल्यासारखेच असतात. आरओचं टाकाऊ पाणी मात्र कधीच नको. पाणी वाचतं म्हणून बरेच जण त्यानंच गाडी धुतात, पण त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. डेझर्ट कूलरचा वारा लागेल अशी गाडी उभी करू नका, त्याचे तुषारही डाग सोडतात.