मदत हवी आहे: रविवारच्या प्रार्थनेसाठी जागा (हडपसर, मुंढवा परिसर)

बंधूभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

आमची आठ-दहा कुटुंबांची घरगुती उपासना सहा वर्षं एका भाड्याच्या खोलीत चालत होती. मागच्या महिन्यात उपासना सुरू असताना काही जण आले, मोबाईलवर शूटिंग केलं, आरडाओरडा केला आणि जाताना दाराबाहेरच्या चपला नाल्यात टाकल्या. सासूबाई अनवाणी घरी आल्या. पुढच्या रविवारी मात्र चपला पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बसल्या. आता घरमालकांनी खोली सोडायला सांगितलंय. ते माणूस वाईट नाहीत, घाबरलेत.

कुणाला एखादा छोटा हॉल माहीत आहे का? रविवारी सकाळी दोन तास पुरतील. भाडं देऊ, माईक लावणार नाही. लेखी करार कसा करावा आणि पोलिसांकडे आधी अर्ज द्यावा का, हे एखाद्या वकिलांनी सांगितलं तर फार बरं होईल. राज्यघटनेचं कलम २५ (धर्मस्वातंत्र्याचा हक्क) वाचलंय, पण प्रत्यक्षात कुठून सुरुवात करायची?

आणखी एक. आमची तरुण मुलं यायला कचरतायत. १८९३ साली याच पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवा मुलींच्या शाळेवर धर्मांतराचा आरोप होऊन गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, तरी रमाबाई डगमगल्या नाहीत. पुढे केडगावला त्यांचं निराधार स्त्रियांसाठीचं मुक्ती सदन उभं राहिलं. हे मुलांना जीव ओतून सांगेल असं कुणी येऊ शकेल का? जाण्यायेण्याचा खर्च आम्ही करू.

मेसेज केलात तरी चालेल. महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे.