मदत हवी आहे : एकाच वादळात इकडे समुद्र चढतो, तिकडे ओसरतो. असं का?

नमस्कार मंडळी,

आठवीतल्या मुलीला चक्रीवादळ समजावताना मीच अडकले आहे. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावतो, पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, इथपर्यंत दोघींना पटलं. पण केंद्र किनाऱ्याला धडकतं तेव्हा त्याच्या एका बाजूला पाणी आत घुसतं आणि दुसऱ्या बाजूला मागे सरतं, असं वाचलं. "वादळ एकच ना, मग असं कसं?" हा तिचा प्रश्न. काहीतरी सांगून तिला गप्प बसवायचं नाही. आणि केंद्रातला कमी दाब पाणी वर ओढतो म्हणून उधाण येतं, हे खरं का?

प्रतिसाद

आधी दाबाचं. त्याचा वाटा आहे, पण लहान. दाब १ हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं. म्हणजे ५० ने उतरला तरी अर्धाच मीटर. उरलेलं काम वाऱ्याचं. तो पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्र खोल असेल तर ते खालून परत फिरतं. तळ उथळ असेल तर त्याला वाटच मिळत नाही, ते तुंबून चढत जातं.

बाजूंसाठी कागद घ्या. किनाऱ्याची आडवी रेघ, वर जमीन, खाली समुद्र, वादळ खालून वर येतंय. आता काट्यांच्या उलट बाण काढा. उजवीकडचा बाण जमिनीकडे जातो, डावीकडचा समुद्राकडे. शिवाय वादळ स्वतः पुढे सरकत असतं. फिरणारा वारा ताशी १०० किलोमीटर आणि वादळाची चाल २० धरली, तर उजवीकडे १२०, डावीकडे ८०. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून उजवीकडे तो सव्वादोन पट! दक्षिण गोलार्धात बाजू उलट होतात.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. चित्र तिनेच काढलं. त्यात केंद्राच्या वरचा बाण डावीकडे जातो, खालचा उजवीकडे. मग केंद्र आपल्या डोक्यावरून गेलं तर वारा उलटतो का, असं विचारतेय.

प्रतिसाद

बरोबर पकडलं तिने! आधी एका दिशेने झोडपतो, डोळा, म्हणजे वादळाचा अगदी मधला भाग, वर आला की जवळजवळ शांत होतं, कधी आभाळही उघडतं. मग उलट दिशेने पुन्हा सुरू. पहिल्या माऱ्यात खिळखिळं झालेलं छप्पर दुसऱ्यात उडतं. लोक वादळ सरलं समजून बाहेर पडतात ते नेमकं त्या मधल्या वेळेत, तेवढं तिला जरूर सांगा.