काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल

पंचवटीकर: दादासाहेब फाळके यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा, म्हणून शाळेतल्या मुलांसाठी चित्रपटाच्या आरंभाची टिपणे काढतो आहे. मुंबईत पहिला खेळ झाला त्या हॉटेलचे पुढे काय झाले?

कॉलेज रोडवरून: ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे तिथेच दाखवली गेली. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या एस्प्लनेड या मैदानी भागात ही इमारत उभी राहिली. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून, जहाजाने आणून इथे जोडला होता. भार भिंतींवर नव्हे तर खांबांवर पेलणारी ती रचना त्या काळी विलक्षणच होती, आणि मला तर चित्रपटाइतकेच महत्त्व या लोखंडाचे वाटते.

पंचवटीकर: मनःपूर्वक आभार. इमारत पाडली का?

सातपूरकर: नाही. हॉटेल बंद पडले, खोल्यांचे लहान लहान गाळे झाले आणि नाव 'एस्प्लनेड मॅन्शन' पडले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. मुलांना मुंबईला न्याल, तेव्हा जहांगीर कलादालनाजवळच ती बाहेरून जरूर दाखवा.