अक्षता टाकताना मास्क : त्या बाई म्हणजे मीच

कंबरतलाव

परवा इथं 'विजापूर वेस' यांनी लिहिलं होतं, "सोलापुरात होटगी रोडच्या कार्यालयात लग्नाला गेलो. एक बाई एन-९५ लावून अक्षता टाकत होत्या आणि न जेवताच निघाल्या. कोरोना लोकांच्या डोक्यातून कधी जाणार? अशांमुळेच बाकीच्यांना धास्ती बसते." खाली नुसते हसरे चेहरे. दोन चेहरे माझ्या ओळखीच्या नावांचे.

त्या बाई म्हणजे मीच.

माझ्या नवऱ्याला २०१८ मध्ये सासूबाईंची किडनी बसवली. ती शरीरानं परकी म्हणून झिडकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, सकाळी आठला आणि रात्री आठला, जन्मभर. त्याच गोळ्यांमुळे लसही अशा माणसाच्या अंगी नीट लागत नाही. मार्च २०२१ मध्ये त्यांनी पहिला डोस घेतला आणि दुसऱ्याची पाळी यायच्या आत एप्रिलमध्ये ते पॉझिटिव्ह आले. एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होते. त्याआधीचे दोन दिवस बेड शोधण्यात गेले. रात्री दोन वाजता मी रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि रिक्षावाला पुढच्या गेटवर विचारायला धावत होता. त्याचं नावही मी विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे. नंतर दुसरा डोस आणि बूस्टर झाल्यावर अँटिबॉडी तपासल्या, तर असून नसल्यासारख्या. आजारपणात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, जे वर गेलं ते पूर्वीच्या आकड्यावर परत आलंच नाही.

म्हणून चारशे माणसांच्या बंद एसी हॉलमध्ये मी मास्क काढत नाही. जेवायला काढावा लागला असता, म्हणून बसले नाही. यजमानांनी डबा भरून दिला, तो आम्ही घरी दोघांनी खाल्ला. माझ्याकडे बघून कुणी मास्क लावावा असा माझा हट्ट नाही. मागणं दोनच आहे. चार लोकांत "अजून भीती गेली नाही का?" असं विचारू नका. आणि अंगात ताप, घशात खोकला असेल तर त्या दिवशी गर्दीत येऊ नका, नाहीतर तोंड झाका. २०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या जेएन.१ या उपप्रकाराच्या कुळातल्या विषाणूंनी रुग्ण पुन्हा वाढले होतेच. तुम्हाला तो चार दिवसांचा ताप असेल. आमच्या घरात तसं नाही.

विजापूर वेस

ताई, मी नाव घेतलं नव्हतं, फोटो टाकला नव्हता. तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझा राग कुठून येतो तेही ऐका.

माझा भाऊ गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत, खेळण्यांचा स्टॉल लावतो. संक्रांतीच्या त्या पंधरवड्यावर त्याचं अर्धं वर्ष निघतं. २०२१ ला गड्डा भरला नाही. उधारीवर आणलेला माल माळ्यावर पडून राहिला, उंदरांनी कुरतडला. पुढं हातगाडी लावली तर मास्क नाकाखाली आला म्हणून एका पथकानं पाचशेची पावती फाडली. त्या दिवशी त्याचा गल्ला तीनशे होता. मग लस. जिथं मी काम करायचो तिथं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय पगार मिळणार नाही म्हणाले. आज सगळे "माझी निवड, माझी निवड" करताहेत. तेव्हा आमची निवड कुणी विचारली? मास्क दिसला की मला तुमचा नवरा दिसत नाही, ती पावती दिसते.

आणि लसीचं बोलायचं तर आमच्या गल्लीतला पोरगा, वय अडतीस, बॅडमिंटन खेळताना कोसळला. दोन्ही डोस झालेले. अशी उदाहरणं प्रत्येक पेठेत आहेत.

लॅबवाला

गल्लीतला पोरगा गेला हे दुःख खरं आहे. पण दोन्ही डोस कुणाचे झाले नव्हते? ऑक्टोबर २०२१ मध्येच देशात शंभर कोटी डोस पार झाले होते. कुणीही कोसळला तरी लस घेतलेलाच निघणार. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये आला. गेलेल्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या जिवंत माणसांशी केली. दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी निघाला. वाढलेला कुणात, तर कोविडनं दवाखान्यात राहून आलेले, घराण्यात असे मृत्यू असलेले, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेले किंवा झेपणार नाही इतका व्यायाम केलेले.

विजापूर वेस

सरकारी अभ्यास. कोविशिल्डनं रक्ताच्या गाठी होतात हे कंपनीनंच कोर्टात कबूल केलं ना?

लॅबवाला

केलं. कोविशिल्डची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं, २०२४ मध्ये बातमी आली आणि ती खरी आहे. गाठी होतात आणि प्लेटलेट्स उतरतात, असा तो आजार. पण तो अत्यंत दुर्मीळ आहे आणि दिसतो तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, बहुतेकदा पहिल्या डोसनंतर. तीन वर्षांनी बॅडमिंटन कोर्टवर नाही. हृदयाच्या सुजेची जी चर्चा झाली ती मुख्यतः एमआरएनए लसींची, फायझर-मॉडर्नाची. त्या आपल्याकडे टोचल्याच नाहीत. आपल्याकडे प्रामुख्यानं कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन. आमच्या लोकांनी हे तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. "काही होत नाही, घ्या" म्हणून रेटलं, त्यानं विश्वास गेला. हे मात्र मला मान्य करावं लागेल.

मागवाला

मास्क मास्क काय लावलंय. अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडमध्ये येऊन बघा एकदा. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस, पत्र्याखाली त्याच्याहून जास्त. पंख्याचा झोत मागावर आला की सूत तुटतंय म्हणून पंखा बंद. बारा तास टॉवेल विणताना रुईचे बारीक तंतू हवेत इतके की संध्याकाळी भुवया पांढऱ्या. वीस वर्षं ती रुई छातीत गेली तेव्हा कुणी मास्क द्यायला आलं नाही. कोरोना आला आणि सगळ्यांना आमच्या नाकाची काळजी. लावून बघितला की मीपण. अर्ध्या तासात घामानं ओला होऊन नाकाला चिकटतो, श्वास ओढला जात नाही.

कुंभारीची

मागवाले दादा, तुम्ही निदान शेडमधून घरी येता. माझी आई घरातच विड्या वळते. आम्ही गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो, दहा हजार घरांची वसाहत, सगळी विडी कामगार बायकांची. तंबाखूचं सूप मांडीवर, बाजूला पाळणा. हजार विड्या व्हाव्यात म्हणून पहाटे चारला उठून बसायची. मी त्या वासात पाढे पाठ केलेत. तिला खोकला आहे बारा वर्षांपासून. बसमध्ये खोकली की लोक सरकून बसतात. २०२० मध्ये एका दुकानदारानं तिला पायरीवरून हाकललं, "कोरोना घेऊन आलीस" म्हणून. तिला कोरोना नव्हता, तिला तंबाखू होती.

कंबरतलाव ताई, म्हणून तुमचं ते दुसरं मागणं मला टोचलं. "खोकला असेल तर गर्दीत येऊ नका." माझ्या आईनं मग बारा वर्षं कुठल्याच लग्नाला जायचं नाही?

मागवाला

त्यात काय एवढं, पदर बांधायचा तोंडाला. आमच्याकडं बायका बांधतात, मीपण गमछा बांधतो.

कुंभारीची

पदरानं तंबाखूची धूळ अडत नाही! ती कापडाच्या विणीतून आरपार जाते. तुम्ही स्वतः कापड विणता, तुम्हाला विणीची भोकं मी सांगू? आणि "त्यात काय एवढं" म्हणू नका. माझी मावशी टीबीनं गेली तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते.

मागवाला

मावशीचं मला माहीत नव्हतं. पण पोरी, तू असं बोलायलीस जणू आमचं दुखणं खोटं. आमच्या शेजारच्या मागावरचा माणूस सोमवारी आला की धापा टाकायचा, रविवारची सुट्टी झाली की हटकून सोमवारीच. मालक म्हणायचा दारू. तो पीतच नव्हता.

लॅबवाला

सोमवारी छाती आवळणं हे कापसाच्या धुळीच्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, बिसिनोसिस म्हणतात. त्याला दारूडा ठरवलं हे फार वाईट झालं. आणि कुंभारीची, बारा वर्षांचा खोकला असेल तर आईची थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झालाय का? टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत असतात.

कुंभारीची

एकदा झालीय, टीबी नाही म्हणाले. "काम सोडा" म्हणाले. काम सोडून खायचं काय, ते चिठ्ठीवर नव्हतं.

विजापूर वेस

विषय कुठल्या कुठं गेला. मूळ प्रश्न कार्यालयातल्या मास्कचा होता.

कंबरतलाव

विषय कुठंही गेलेला नाही. मी स्वतःच्या घराच्या काळजीत इतकी गुंतले होते की कायमचा खोकला असलेली माणसं मला दिसलीच नाहीत. कुंभारीची, तुझ्या आईबद्दल मी ते वाक्य लिहिलं नव्हतं, पण लागलं तिलाच. ते मागे घेते. नवा ताप, नवा खोकला, एवढंच मला म्हणायचं होतं.

विजापूर वेस, तुमच्या पगाराचं. लस घेण्याची सक्ती करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २ मे २०२२ ला स्पष्ट सांगितलं, स्वतःच्या शरीरावरचा हक्क म्हणून. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही म्हटलंय, तेही वाचा. तुमचा पगार अडवला ते चूकच होतं. तीनशेच्या गल्ल्यावर पाचशेची पावती हाही अन्याय. पण ती पावती मी फाडली नव्हती. राज्यात मास्कची सक्ती एप्रिल २०२२ मध्ये गेली. तेव्हापासून माझ्या तोंडावर जो आहे तो कुणाच्या हुकमाचा नाही. ज्या निवडीसाठी तुम्ही भांडताय, तीच मी केलीय.

विजापूर वेस

"अशांमुळे धास्ती बसते" हे वाक्य मी काढतो. पोस्ट काढणार नाही. कारण सक्तीबद्दल जे म्हटलंय ते मी उद्याही म्हणेन आणि लसीबद्दल माझं समाधान झालेलं नाही. भावाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत, ताई. तुमचा राग समजला, माझाही तेवढाच खरा आहे.

कुंभारीची

मला एकच विचारायचं होतं. ते एन-९५ तंबाखूच्या धुळीला चालतं का? आणि तोंड बांधून आठ तास बसवेल का तिला?

लॅबवाला

सूक्ष्म कण अडवण्यासाठीच ते बनवलेलं असतं, ९५ टक्के तरी. पण नाकावरची पट्टी दाबून चेहऱ्याला घट्ट बसलं तरच, कडेनं हवा शिरली तर उपयोग नाही. धुवायचं नाही, पाण्यानं त्याचा गुण जातो. सलग आठ तास नको, तासाभरानं बाहेर उठून या. बसायची जागा दाराच्या तोंडाशी घ्या आणि पाळणा दुसऱ्या खोलीत न्या, तो आधी.

कुंभारीची

दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. बघते.

मागवाला

आमच्या शेडला दारच एक आहे.

कंबरतलाव

कुंभारीची, माझ्याकडे न उघडलेलं दहा मास्कचं पाकीट आहे. रविवारी मी बस स्टँडला येते, येशील का? आईला घेऊन आलीस तर मी तिला नाकाची पट्टी कशी दाबायची ते दाखवते, माझा हात बसलाय त्यावर.

कुंभारीची

आई येणार नाही, रविवारी तिला माल द्यायचा असतो. मी येते.