मदत हवी आहे: मागचे टायर ११ हजार किमीतच आतून तारेपर्यंत गेले

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. मागच्या दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे, पॉवर मागच्या चाकांना, ३०० हॉर्सपॉवर. बारा वर्षं पैसे साठवून घेतलीये. मॉडेल लिहीत नाही कारण तक्रार गाडीची नाहीये, मला फक्त चूक कुठे होतेय ते कळायला हवंय. घेतानाच चारही टायर नवे टाकले, पुढे २३५/४० आर१९ आणि मागे २६५/४० आर१९, ट्रेडवेअर (टायर किती टिकेल त्याचा आकडा) ३०० वाले. तेव्हापासून ११,२०० किमी झाले.

परवा भंवरकुआंला पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो तर तो खाली वाकून म्हणाला, "भिया, इसमें तो तार दिख रहा है." मला विश्वासच बसेना, बाहेरून खाचा व्यवस्थित दिसत होत्या. आत हात घातला तर डाव्या मागच्या टायरची आतली कड दोन बोटं रुंद अगदी गोटा झालेली आणि एका जागी खरंच तार. उजव्याची आतली कडही उतरलीये पण इतकी नाही. आदल्याच रविवारी मुलीला शेजारी बसवून जाम गेटला जाऊन आलो होतो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

टायरवाला म्हणतो सॉफ्ट कंपाउंड असतं, असंच होणार, नवे टाका. दोनचे ऐंशी हजारांच्या घरात सांगतोय. घरच्या हॅचबॅकचे टायर ४५ हजार किमी गेले होते हो! ट्रॅकवर कधी नेली नाही, बर्नआउट वगैरे करत नाही, रविवारी सकाळी मांडू किंवा सिमरोल घाट एवढंच. मग हे नॉर्मल आहे का? आणि मागचे दोनच बदलू की चारही?

पिथमपूरकर
सॉफ्ट कंपाउंड अर्धंच उत्तर आहे. ट्रेडवेअर ३०० म्हणजे चाचणीत १०० धरलेल्या टायरच्या तिप्पट, साध्या टूरिंग टायरला ४००-५०० असतं, ट्रॅकवाल्यांना १८० च्या आसपास. शिवाय तो आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही ठरवू नका. अशा गाडीत मागचे टायर १५-२० हजार किमीत गेलेले मी बरेच पाहिलेत, वजन मागे आणि जोरही मागचीच चाकं लावतात. पण सॉफ्ट रबर झिजलं तर सगळ्या रुंदीभर झिजेल ना? तुमची एकच कड गेलीये, म्हणजे रबराचा दोष कमी आणि भूमितीचा जास्त.
अशा गाड्यांना मागे थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं, कंपनीच देते, वळणावर पकड राहावी म्हणून. नुसत्या कॅम्बरने कड हळू झिजते. त्यात टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं, बिघडला की टायर खाल्ला जातो. हिशेब करून बघा, चाक ०.१ अंश वाकडं असेल तर दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासलं जातं. चारही चाकांचं अलाइनमेंट करून छापील शीट मागा, "पुढचं करून दिलं" एवढ्यावर सोडू नका.

रामबागची_ताई
दादा, आधी ती गाडी चालवणं थांबवा, स्टेपनी नसेल तर उचलून न्या. कायद्याने ट्रेड (खाचांची खोली) १.६ मिमी हवा आणि तो आत, मध्ये, बाहेर असा तीन ठिकाणी मोजायचा, आपण नेहमी बाहेरूनच बघतो. रुंद टायर पावसात पाण्यावर लवकर तरंगतो, खाचा नसल्या की विचारूच नका. आणि हवा सकाळी गाडी थंड असताना बघत जा, दर पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय फरक पडतो, मेमध्ये दुपारी आपल्याकडे ४२ असतं तेव्हा बरोबर दिसलेली हवा पहाटे कमीच असते. आमच्या यांच्या गाडीला हेच झालं होतं, दोन्ही कडा गेल्या मधलं शाबूत.

पिथमपूरकर
चारही बदलायचे का ते सांगायचं राहिलं. मागच्या चाकांवर चालणारी आहे, पुढचे चांगले असतील तर मागची जोडी चालेल, पण तोच मेक आणि तोच पॅटर्न घ्या. बाजूला गाडीच्या कंपनीची खूण असते, पोर्शला एन, बीएमडब्ल्यूला तारा, तीपण जुळवा. तारखेचे चार आकडेही बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मागे-पुढे साइज वेगळी आहे म्हणून रोटेशन तुमच्या नशिबात नाही.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, गाडी त्याच दिवशी क्रेनने नेली. शीट मिळाली. डाव्या मागच्या चाकाचा टो ठरलेल्यापेक्षा ०.३ अंश बाहेर होता, उजवा थोडाच. पिथमपूरकर, तुमच्या हिशेबाने लावलं तर किलोमीटरला पाच मीटरवर, ११ हजारात जवळजवळ ५८ किमी आडवं घासलं गेलं. मी तो आकडा वहीत लिहून ठेवलाय. मेकॅनिकने गाडीखाली टो आर्मचा (चाकाचा टो धरून ठेवणारा दांडा) रबरी बुश फाटलेला दाखवला, बोटाने हलत होता. ब्रेक दाबला की मागची बाजू जरा हलल्यासारखी वाटायची ती यामुळेच, मी इतके महिने रस्ता खराब आहे समजत होतो.

पुढच्यांना साडेचार मिमी आहे तेव्हा मागचे दोनच टाकतोय. बुश दोन्ही बाजूंचे बदलून घेतोय, नंतर परत अलाइनमेंट. एक अजून विचारायचं होतं, नवे टायर टाकल्यावर परत कधी तपासू? मी दर दोन हजारला आत हात घालून बघायचं ठरवलंय, पण आपल्या इथले स्पीडब्रेकर बघता तेही जास्त वाटतंय.

पिथमपूरकर
दर हजारला बघा. आणि मोठा खड्डा बसला तर त्याच दिवशी.