मदत हवी आहे: साडेनऊ फुटी कयाकवरून १४ फुटीवर आले, बोट सारखी डुगडुगते, ठेवू की परत करू?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सांगता येणार नाही म्हणून.

मी बोरिवलीला राहते, वय ४३, वजन ५४ किलो, पोहता बऱ्यापैकी येतं. गेली तीन वर्षं मार्वेहून मनोरीच्या खाडीत कयाक चालवते, पावसाळा सोडला तर भरती बघून महिन्यातून दोन-तीनदा तरी जातेच. जुनी बोट साडेनऊ फुटी सिट-ऑन-टॉप आहे, रुंदी ३१ इंच, वरून उघडी, तळाला पाणी निघून जायची भोकं असतात तसली. ह्या बोटीने मला खूप दिलंय. पहिल्यांदा तिवरांच्या आत शिरून बगळे बघितले ते हिच्यावर बसून, आणि तीन वर्षांत तिने एकदाही मला पाण्यात टाकलं नाही.

पण ती हळू आहे. गेल्या जानेवारीत गोराईच्या बाजूने परत येत होते, वेळ चुकली आणि भरती सुरू झाली, म्हणजे पाणी समोरून आत येतंय आणि मी बाहेरच्या दिशेला वल्हवतेय. एक तिवराचं झाड होतं, ते पंधरा मिनिटं झाली तरी माझ्या उजव्या हातालाच! खांदे भरून आले. बरोबरचे दोघं लांब बोटींवर होते ते पुढे जाऊन थांबत होते माझ्यासाठी, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की बोट बदलायची.

आता दोन पर्याय आहेत. पहिली १४ फुटी, रुंदी २४ इंच, सिट-इनसाइड (पाय आत घालून बसायची), पुढेमागे दोन हॅच (सामानाचे झाकणबंद कप्पे) आणि रडर (मागचं सुकाणू). ओळखीतल्या एकांची आहे, त्यांनी महिनाभर वापरून बघ मग ठरव म्हणून दिलीय. दुसरी १२ फुटी, २८ इंच, हीपण सिट-इनसाइड, मागे एकच हॅच, आणि रडरच्या जागी स्केग (मागे तळाला असणारी न वळणारी पाती). ती अजून चालवून बघितली नाहीये. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही प्लास्टिकच्या, किमतीत फार फरक नाही.

१४ फुटी दोनदा पाण्यात घातली. सरळ जाते, सुंदर जाते, दोन-चार हात मारले की पाणी कापत निघते, तो आवाजच वेगळा. पण बसल्या क्षणापासून कंबरेखाली थरथर, मान वळवून मागे बघितलं तरी कलते. मार्वे-मनोरी फेरी बोट गेली आणि तिच्या लाटा बाजूने आल्या तेव्हा मी वल्हं घट्ट धरून नुसती बसून राहिले, श्वाससुद्धा घेतला नाही बहुतेक. देणारे म्हणाले दोन दिवसात सवय होते. दोन दिवस झाले, नाही झाली. वरून वारा बाजूने आला की पुढचं टोक आपोआप वाऱ्याकडे वळतं, ते सरळ करण्यात एक हात दुखायला लागतो.

प्रश्न असा की हे माझ्या सवयीचं आहे की ही बोट माझ्यासाठी नाहीच? अजून किती वेळा जाऊन बघायचं? आणि १२ फुटी घेतली तर वर्षभराने परत वाटेल का की अजून लांब हवी होती? मनापासून सांगा, मला पाणी सोडायचं नाहीये.

प्रतिसाद १:

ताई, सगळ्यात आधी तीन गोष्टी सांगा. सीटवर वेगळं काही ठेवता का? पाय फूटपेगवर (आतल्या पाय टेकायच्या खुंट्यांवर) टेकतात का, आणि गुडघे वरच्या डेकला आतून लागतात का? वल्हं किती लांबीचं आहे? ह्याची उत्तरं आल्याशिवाय बोटीला दोष देऊ नका.

तोपर्यंत एक सांगतो, डुगडुगणं आणि उलटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची जुनी बोट रुंद आणि सपाट बुडाची, ती शांत पाण्यावर पाटासारखी बसते, पण तीच बोट बाजूने लाट आली की लाटेच्या उताराबरोबर पूर्ण कलते. अरुंद आणि गोलसर बुडाची बोट सुरुवातीला लगेच हलते, पण थोडी कलली की कडेवर येऊन तिथे टेकते, धरून ठेवते. ते टेकणं एकदा अंगाला कळलं की भीती जाते. कमरेएवढ्या पाण्यात कोणाला तरी बाजूला उभं करा आणि मुद्दाम कलवून बघा, कंबर हलवायची आणि डोकं बोटीच्या मधोमध ठेवायचं. नजर लांब, समोरच्या किनाऱ्यावर. बोटीच्या टोकाकडे बघत बसलं की अंग ताठ होतं आणि ताठ माणूस बोटीबरोबर कलंडतो.

धागाकर्ती:

दादा, सीटवर उशी ठेवते. माकडहाड दुखतं म्हणून जुन्या बोटीत होती तीच, दोन इंच जाडीची फोमची. पाय पेगवर टेकतात पण अगदी टोकाने, मालक उंच आहेत त्यांच्या मापाचे ठेवलेत, मी हलवले नाहीत कारण दुसऱ्याची वस्तू. त्यामुळे गुडघे आत नुसते मोकळे असतात. वल्हं २४० सेंटीमीटर, जुनंच.

प्रतिसाद १:

सापडलं बघा. उशी काढा, आधी उशी काढा. २४ इंची बोटीत दोन इंच वर बसणं म्हणजे तुम्ही बोटीची अर्धी स्थिरता स्वतःच्या हाताने कमी केलीत असं मी म्हणेन. माकडहाडासाठी मांडीखाली पुढच्या बाजूला आधार द्या, बुडाखाली नको, आणि बॅकरेस्ट खाली घ्या, तिच्यावर रेलून बसायचं नसतं, ती फक्त कंबर मागे सरकू नये म्हणून असते.

पेग पुढेमागे होतात, बिनधास्त हलवा, काही बिघडत नाही. पायाचा चवडा पेगवर, गुडघे किंचित वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला, मांडी वरच्या ब्रेसला (डेकखालच्या मांडीच्या आधाराला) अलगद लागलेली. सिट-ऑन-टॉपवर आपण बोटीवर बसतो, इथे बोट अंगात घालायची असते. मांड्या मोकळ्या राहिल्या तर बोट तिच्या मनाने हलते आणि तुम्ही तुमच्या, मग थरथर वाटणारच.

आणि २४० चं वल्हं ३१ इंची बोटीला ठीक होतं. २४ इंचाला २१० ते २२० पुरतं. लांब वल्ह्याने पातं बोटीपासून फार लांब पडतं, प्रत्येक हाताला टोक इकडेतिकडे वळतं, ते सावरण्यात दमायला होतं. आधी कोणाचं तरी उसनं घेऊन बघा.

प्रतिसाद २:

माझं मत थोडं वेगळं आहे. ५४ किलोच्या माणसाला १४ फुटी बोट मोठीच पडते. ती बोट तुमच्यापेक्षा २५-३० किलो जास्त वजनाच्या माणसाला धरून बनवलेली असणार, तुम्ही बसलात की पुरेशी पाण्यात बसतच नाही, वर तरंगते, म्हणून डुगडुगते आणि म्हणूनच वारा तिला जास्त धरतो. मी तुमच्या जागी असते तर १२ फुटी घेतली असती. खाडीत तीन-चार तास फिरायला ती भरपूर झाली.

वेगाचं म्हणाल तर बोटीची पाण्यातली लांबी फुटात घेऊन तिचं वर्गमूळ गुणिले १.३४ केलं की अंदाजे कमाल वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) येतो. तुमच्या जुनीची ९ फूट पाण्यात धरली तर ४ नॉट, १२ फुटीची ११ धरली तर साडेचारच्या जरा खाली, १४ फुटीची १३ धरली तर पावणेपाचच्या जरा वर. एवढ्या वेगाने आपण कोणी तासन् तास जात नाही, पण त्या मर्यादेच्या जवळ गेलं की ताकद दुप्पट लागते, म्हणून भरतीच्या विरुद्ध छोटी बोट जागची हलत नाही. जुनीवरून १२ वर आलात तरी निम्म्याहून जास्त फायदा तिथेच मिळतो.

१४ च ठेवायची असेल तर वजन घाला. पाच-पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन, एक सीटच्या मागे, एक पुढे पायांच्या पलीकडे हॅचमध्ये, तळाला आणि मधोमध, आणि घट्ट बांधून, कारण सुटले आणि एका बाजूला गेले तर तेच बोट उलटवतील. मागचा जरा जड ठेवा म्हणजे टोक वाऱ्याकडे वळणं कमी होईल. उरलेलं काम रडरचं. रडर वळण्यासाठी नसतो हो, बाजूच्या वाऱ्यात सरळ जाता यावं म्हणून असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

प्रतिसाद ३:

मी मनोरीचाच, कोळीवाड्यातला. बोटीच्या इंचांतलं मला कळत नाही पण पाण्याचं सांगतो. नवीन बोट शिकायची तर उधाणाला जाऊ नका, भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीला जा. अमावस्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ असते, अष्टमी ते दशमीला पाणी थंड, म्हणजे शांत असतं. भरतीची वेळ काढायची तर तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, आमचे आजोबा असंच काढायचे. येत्या शनिवारी दशमी, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. साडेसहाला पाण्यात उतरा, नऊच्या आत बाहेर या. चिखलही लागणार नाही.

आता थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी एकदम गुळगुळीत दिसतं आणि बोट आपोआप पश्चिमेला पळते, बरं वाटतं, आणि परत येताना कळतं. खाडीच्या तोंडाबाहेर जाऊ नका ताई, आतच राहा. दुपारी खारा वारा सुटला की लाट उठते, तेव्हा नवीन बोट नको. फेरीच्या वाटेत थांबू नका, तिच्या लाटेला टोक तिरकं द्या आणि वल्हवत राहा, हात थांबवले की बोट जास्त हलते. पायात बूट घाला, दगडांना कालवं असतात, तळवे फाटतात.

धागाकर्ती:

तिघांचे खूप आभार. दादा, ते तिथीचं गणित मी वहीत लिहून घेतलं.

शनिवारी जाऊन आले. उशी काढली, टॉवेलची घडी मांडीखाली घेतली, पेग चार खाचा मागे आणले, दोन कॅन भरून बांधले, आणि बरोबरच्याचं २२० चं वल्हं घेतलं. आधी कमरेएवढ्या पाण्यात भाऊ बाजूला उभा राहिला आणि मी कलवून बघितलं. पहिल्या दोन वेळा लगेच हात टाकला पाण्यात. तिसऱ्या वेळी कळलं ते टेकणं म्हणजे काय. बोट कलते, कलते, आणि मग एका जागी थांबते. मी तिथे चार-पाच सेकंद राहिले आणि कंबरेने परत आणली. हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं की तिथे जाऊन बघायचं असतं, मी तर तिथे जायचंच टाळत होते.

मग दीड तास आत फिरले. फेरीची लाट आली तेव्हा घाबरले पण हात थांबवले नाहीत. थरथर पूर्ण गेली असं नाही म्हणणार, पहिल्या दिवसापेक्षा निम्मी असेल. माकडहाड दुखलं, त्याचं काहीतरी करावं लागेल.

प्रतिसाद २ वाल्या ताई, तुमचं म्हणणं पटतंय म्हणून १२ फुटीसुद्धा एकदा चालवून मगच ठरवते, असंच सगळं माझ्या मापाचं लावून. दोन गोष्टी राहिल्या. एक, उलटली तर? जुनीवर बाजूने चढता यायचं, हिच्यात तर आत पाणी भरणार. आणि दोन, मार्वेला ज्या मावशींच्या पडवीत जुनी ठेवते तिथे १४ फुटी मावत नाही, बाहेर उन्हात राहील, चालेल का?

प्रतिसाद १:

उलटण्याचा सराव बोट पक्की करायच्या आधी करा, नंतर नाही. दोन्ही बाजूंना हॅच आहेत म्हणजे आत बंद भिंती आहेत, पाणी फक्त कॉकपिटमध्ये (बसायच्या जागेत) भरतं, बोट बुडत नाही. १२ फुटीत पुढची भिंत नसेल तर पुढचा पूर्ण भाग भरतो, तिथे एअर बॅग घालावी लागेल, हा फरक ठरवताना धरा. स्कर्ट (कंबरेभोवती बांधून कॉकपिट झाकायचं कापड) सध्या लावूच नका. पुढे लावाल तेव्हा ओढायची पट्टी बाहेर आहे ना हे प्रत्येक वेळी हाताने बघायचं. बाहेर पडल्यावर बोट सोडायची नाही, वल्हं सोडायचं नाही. एका पात्याला पॅडल फ्लोट (तरंगणारी पिशवी) लावून, वल्हं कॉकपिटच्या मागे आडवं ठेवून, पोटावर झोपून चढायचं, मग हातपंपाने पाणी काढायचं. फ्लोट आणि पंप दोन्ही घ्या, आणि लाइफ जॅकेट बांधलेलंच असलं पाहिजे.

उन्हाचं म्हणाल तर प्लास्टिक तापून मऊ होतं आणि बुडावर सपाट ठेवली की तिथे खळगा पडतो. कुशीवर ठेवा, दोन रुंद पट्ट्यांवर, वर जाड कापड. गाडीवर बांधतानासुद्धा पट्टा फार आवळू नका, दुपारच्या उन्हात तिथेच दबते.

धागाकर्ती:

कळलं. पुढच्या शनिवारी द्वितीया येते, म्हणजे दीडची भरती आणि सकाळी सगळा चिखल, दुपारी खारा वारा, त्यामुळे पाण्यात जात नाही. त्या दिवशी ओळखीच्या स्विमिंग पूलवाल्यांना विचारलंय, सकाळी एक तास बोट आत घालू देतील का म्हणून. मिळालं तर उलटायचा सराव तिथेच करते, भाऊ असेल बरोबर. १२ फुटीची ट्रायल त्याच्या पुढच्या भांगाला. पॅडल फ्लोट मुंबईत दुकानात जाऊन बघून घेता येईल असं कुठे माहीत असेल तर कळवा.