हृदयरोगतज्ज्ञांनी साखरेची गोळी बदलली आणि साखर थोडी वाढली. हे योग्य आहे का?

प्रश्न : कृष्णाकाठ

माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन ही तिन्ही औषधे एकत्र असलेली गोळी ते नियमित घेत असत आणि तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, त्यांनी ६.५ च्या वर फारशी जाऊ दिली नव्हती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या पायांवर सूज आली, आडवे झाले की धाप लागू लागली, आणि इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ३५ टक्के असल्याचे आढळले. हृदयरोगतज्ज्ञांनी ती गोळी पूर्ण बंद करून मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केले. सोबत हृदयाचे ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉल आणि लघवी वाढवणारी टॉर्सेमाइडही आहे. सूज उतरली, धापही कमी झाली. मात्र नव्या तपासणीत एचबीए१सी ७.१ आली आणि लघवीच्या अहवालात साखरेपुढे चार अधिक चिन्हे आहेत. तो कागद पाहून वडील अस्वस्थ झाले आहेत. ‘इतकी वर्षे पथ्य पाळले ते कशासाठी?’ असे ते विचारतात. डॉक्टर मात्र ७.१ वर समाधानी आहेत. यामागचे कारण कोणी समजावून सांगू शकेल का?

उत्तर : निवृत्त फिजिशियन

प्रथम लघवीच्या अहवालाविषयी. मूत्रपिंड रक्तातील साखर गाळते आणि एरवी जवळजवळ सगळी परत शोषून घेते. डापाग्लिफ्लोझिन हे परत शोषणेच रोखते. त्यामुळे ही गोळी चालू असताना लघवीत साखर दिसणारच, आणि त्या चार चिन्हांवरून एवढेच कळते की वडील गोळी नेमाने घेत आहेत. साखरेबरोबर मीठ आणि पाणीही बाहेर जाते, रक्तदाब थोडा उतरतो, हृदयावरचा भार हलका होतो. मात्र एवढ्यावरून या औषधाचा हृदयाला होणारा सगळा फायदा उलगडत नाही, आणि त्यामागची नेमकी प्रक्रिया कोणती यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे.

आता मुख्य मुद्दा. साखर खाली आणणे आणि हृदय वाचवणे ही एकच गोष्ट आहे, असे आमच्या पिढीतील डॉक्टरही धरून चालले होते. अमेरिका आणि कॅनडामधील ‘अकॉर्ड’ चाचणीने तो समज हलवला. मधुमेहाबरोबर हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला आणि उरलेल्यांची ७ ते ७.९ दरम्यान ठेवली गेली. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३; त्यामुळे २००८ मध्ये कडक नियंत्रणाचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. आपल्या वडिलांचे वय आणि हृदयाची स्थिती पाहता ६.५ च्या आसपासचा आकडा अभिमान बाळगण्यासारखा नव्हता, आणि ग्लिमेपिराइडच्या जोरावर मिळवलेला असेल तर थोडा धोक्याचाच होता. या औषधाने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, आणि अशा वेळी शरीरात ॲड्रेनालिनचा जो लोंढा येतो तो कमजोर हृदयाची लय बिघडवू शकतो. त्यातच मेटोप्रोलॉल चालू असेल तर साखर उतरल्यावरची धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो. तेव्हा पुढेही कधी अचानक दरदरून घाम आला, तर ‘उकाडा आहे’ म्हणून सोडून न देता ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि छातीत दुखते का तेही विचारावे.

पायोग्लिटाझोनचे प्रकरण वेगळे आहे. ते शरीरात पाणी धरून ठेवते. म्हणून पंपिंग कमी झालेल्या रुग्णाला ते देत नाहीत, आणि आपल्या वडिलांच्या सुजेत त्याचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र त्याला सरसकट विषारी ठरवू नये. रक्तवाहिनी तुंबून येणारा झटका आणि हृदयाची पंप करण्याची ताकद घटणे हे दोन वेगळे आजार आहेत, आणि झटक्याच्या बाबतीत या औषधाची नोंद वाईट नाही. वाईट नाव झाले ते त्याच्या भावंडाचे, रोसिग्लिटाझोनचे. २००७ मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. स्टीव्हन निसेन यांनी अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून त्याने झटक्याचा धोका सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो असे दाखवले, आणि २०१० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्या वादामुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये असे ठरवले की मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवून द्यावे. गंमत अशी की, अपाय नाही हे सिद्ध करण्यासाठी घेतलेल्या या चाचण्यांतूनच काही औषधांचा उपकार समोर आला. २०१५ मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्याच गटातील एम्पाग्लिफ्लोझिनच्या ७,०२० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात साधारण तीन वर्षांत शंभरामागे सुमारे सहाऐवजी चार मृत्यू, असा त्याचा अर्थ आहे. तरीही मधुमेहाच्या गोळीकडून एवढी अपेक्षा कोणी केली नव्हती. डापाग्लिफ्लोझिनची २०१९ मधील चाचणी तर पंपिंग कमी असलेल्या ४,७४४ रुग्णांवर झाली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हताच. फायदा त्यांनाही तेवढाच झाला. म्हणजे आपल्या वडिलांना ही गोळी मुख्यतः हृदयासाठी दिली आहे आणि साखर उतरणे हा तिचा जोडलाभ आहे.

उत्तर : औषध दुकानदार, मिरज

एक व्यवहारातील गोष्ट सांगतो. तीन औषधांच्या एकत्र गोळीत पायोग्लिटाझोन आहे हे रुग्णाला बहुतेक वेळा ठाऊकच नसते, कारण ब्रँडच्या नावापुढे जोडलेल्या एकदोन अक्षरांत ते लपलेले असते. पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ते एकदा वाचून घ्यावेत आणि घरात उरलेली जुनी पाकिटे बाजूला काढावीत. जुनी चिठ्ठी दाखवून ‘तीच द्या’ म्हणणारे ग्राहक माझ्याकडे नेहमी येतात, आणि अशा वेळी बंद केलेली गोळी पुन्हा सुरू होते.

खर्चाचेही सांगावेसे वाटते. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपल्यामुळे अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आहेत आणि किमती पूर्वीच्या मानाने खूप उतरल्या आहेत. परवडत नाही म्हणून कोणी गोळी एक दिवसाआड घेत असेल, तर डॉक्टरांना विचारून स्वस्त पर्याय घ्यावा. स्वतःच्या मनाने दिवस गाळू नयेत.

उत्तर : एक मतभेद

वरील विवेचन पटले, पण त्यातून ‘साखर वाढली तरी चालते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून लिहितो. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले की नव्याने मधुमेह झालेल्यांनी साखर ताब्यात ठेवल्यास डोळे आणि मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान स्पष्टपणे कमी होते. अभ्यास संपल्यानंतर दहा वर्षांनी, दोन्ही गटांची साखर सारखी झालेली असतानाही, सुरुवातीला नियंत्रण ठेवलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके कमी आढळले. तेव्हा वडिलांचे पथ्य वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाळिशीत मधुमेह झालेल्या, हृदय धडधाकट असलेल्या माणसाने ‘अकॉर्ड’चे उदाहरण देऊन साखर आठवर ठेवणे ही निव्वळ पळवाट आहे.

उत्तर : निवृत्त फिजिशियन

पूर्ण सहमत. ७.१ हा आकडा या रुग्णासाठी चांगला आहे. माझ्या उत्तराचा अर्थ तेवढाच घ्यावा.

उत्तर : पालखीमार्ग

माझ्या आईला हीच गोळी चालू आहे आणि ती वारकरी असल्याने एकादशी सोडत नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले. ही गोळी घेऊन निर्जळी उपवास केल्यास शरीरात पाणी कमी पडते आणि क्वचित रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढते. यात घात असा की ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. त्यामुळे मळमळ, पोटदुखी आणि जोरात चालणारा श्वास हे सगळे पित्तावर ढकलले जाते. उलटीजुलाब होत असतील किंवा जेवण बंद असेल, तर ती गोळी थांबवून लगेच कळवावे, अशी आम्हाला सूचना आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासाला हा धोका कमी, पण त्यात साखर चढते ती वेगळीच. आणि उपवासाचे मीठ म्हणून वापरतो ते शेंदेलोणही शेवटी मीठच आहे. हृदयाच्या रुग्णाने ते मोजूनच घ्यावे.

गुप्तांगाच्या जागी खाज किंवा बुरशी येणे हा या गोळीचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. वडीलधारी माणसे संकोचाने हे सांगत नाहीत. रोजची स्वच्छता आणि वेळेवर साधे मलम यांनी तो बहुधा आटोक्यात येतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. घरात जुन्या गोळीची दोन पाकिटे खरोखरच निघाली. आणखी दोन शंका आहेत. वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया बऱ्याच दिवसांपासून लांबली आहे, तेव्हा या गोळीचे काय करायचे? आणि हल्ली त्यांना उठताना किंचित चक्कर येते, ती यामुळेच असेल का?

उत्तर : निवृत्त फिजिशियन

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी डापाग्लिफ्लोझिन साधारणपणे तीन दिवस बंद ठेवतात आणि रुग्ण नीट जेवू लागल्यावर पुन्हा सुरू करतात. भूलतज्ज्ञांना या गोळीचे नाव आवर्जून सांगावे. चक्कर यामुळे येऊ शकते, कारण टॉर्सेमाइड आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही पाणी बाहेर काढतात आणि सूज उतरल्यावर टॉर्सेमाइडचा आधीचा डोस जास्त होऊ शकतो. बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवावा, म्हणजे ते टॉर्सेमाइड कमी करायचे की नाही ते ठरवतील. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वाढ दिसली तर पुन्हा पाणी साचते आहे असे समजून, पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.